उंबऱ्याबाहेरचे कंद

—नाही, गैरसमज नको, इया जिदे. मी ‘उठा’ म्हणाले ते या फरशीवर तुमचे गुडघे दुखतील म्हणून म्हणाले. तुमची विनंती मान्य केली म्हणून नव्हे. जीभ सवयीची गुलाम असते — कुणी दारात गुडघे टेकले की तोंडातून ‘उठा, उठा’ निघायचंच, वाढवलंच तसं आम्हाला. आपल्यात त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर इतक्या चटकन उठलात. घरातल्या वडीलधाऱ्याने ‘उठा’ म्हटलं म्हणजे गाऱ्हाणं ऐकलं, राग सोडला, आणि घरातल्या पोराबाळांनीही तो सोडायचा. तर तो शब्द मी मागे घेते. आता पुन्हा खाली बसू नका, खुर्चीवर बसा — ती नव्हे, तिचा पाय डुगडुगतो, पलीकडची. आणि ते यामचे कंद आत आणू नका. राहू देत उंबऱ्याबाहेर. निम्मे रस्ते बंद असताना इतके सरळ, माती पुसलेले कंद मिळवायला तुम्हाला किती हिंडावं लागलं असेल याची मला कल्पना आहे — पण ते उंबऱ्याच्या आत आले की प्रकरण मिटलं असं होतं, आणि प्रकरण मिटलेलं नाही. पाणी घ्या. पाण्याला हरकत नाही, पाण्याने काही मान्य होत नाही.

थांबा — ऐकलंत? — नाही, तो शेजारचा जनरेटर. मला वाटलं, पोरांचा घोळका परत आला. सकाळपासून माझे कान रस्त्याला लागलेले आहेत. बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की बसावंसं. मोरायो, माझी नात, न्याहारी न करता बाहेर पडली ती अजून आलेली नाही. चौकात असेल, नाहीतर टोलनाक्याकडे, पोलिसांविरुद्धच्या निदर्शनांत. सगळं लागोस आज तिकडेच आहे म्हणतात. ‘आजी, मी दर तासाला फोन करीन’ म्हणाली होती, आणि हा फोन इथे टेबलावर मेल्यासारखा पडलेला आहे — आता नुसता थरथरला तो तिचा नव्हे, कुणाकुणाच्या सूचना येत असतात, अमक्या चौकात पाणी संपलं, तमक्याला धरून नेलं, वकिलाचा नंबर हा. ही मुलं एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नसतात हो, आणि एक म्हणतो मला भूक लागली, की शहराच्या दुसऱ्या टोकाची मुलगी त्याच्यासाठी भाताचा डबा धाडते. मला त्यांचं सगळं पटतं असं समजू नका. मोरायोने केस तांबडे करून घेतले आहेत; पिकलेल्या मिरचीसारखी दिसते, तसं मी तिला सांगितलंही. त्यांच्या घोषणांत एक वाक्य धड पूर्ण होत नाही. ‘आजी, आम्हाला कुणी पुढारी नाही’, हे ती अभिमानाने सांगते — बिनम्होरक्याचा कळप मी पाहिलेला आहे, तो कुठे जाऊन थांबतो तेही पाहिलेलं आहे — पण रस्ता झाडून मग घरी येतात, हे मात्र खरं. निदर्शनं करायची आणि नंतर झाडू मारायचा. आमच्या वेळी कुणी झाडला नव्हता.

बरं. तुमचं म्हणणं मी पुन्हा एकदा सांगते, चुकलं तर सुधारा. तुमचा मुलगा जिदे — ज्याच्या नावाने सगळी वस्ती तुम्हाला इया जिदे, जिदेची आई, म्हणते — पोलिसांच्या त्या साध्या कपड्यांतल्या पथकात आहे. याच रस्त्यावर त्याने एका मुलाला मारलं त्याचा व्हिडिओ मोरायोने तिच्या फोनवरून जगापुढे टाकला. त्यात जिदेचा चेहरा स्वच्छ दिसतो. तेव्हापासून तुमच्या सुनेला बाजारात कुणी भाजी देत नाही, नातवंडांना शाळेत मुलं ‘खुन्याची पोरं’ म्हणतात, आणि चर्चमध्ये तुमच्या बाकावर तुमच्या शेजारी कुणी बसत नाही. म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात — मी सांगितलं तर नात ऐकेल, व्हिडिओ पुसून टाकेल. बरोबर? मान हलवू नका, तोंडाने हो की नाही ते सांगा. हो. ठीक.

तुम्ही नेमकं माणूस निवडलंत, हे मी कबूल करते. म्हातारी बाई, रीतीभातीत वाढलेली, मुलींना टायपिंग शिकवण्यात आयुष्य घालवलेली, शब्दाची पक्की — गुडघे टेकलेल्या बाईला ती रिकाम्या हाताने पाठवणार नाही. आणि एरवी मी पाठवलंही नसतं. आमच्या वाडवडिलांच्या अंगणात भावाने भावाचं डोकं फोडलेलं असायचं, आणि फोडणाऱ्याची आई येऊन गुडघ्यांवर बसली की डोकं फुटलेल्यालाच बोलावून सांगायचे, सोड आता. तो सोडायचा. रात्रभर दात खायचा, पण सोडायचा. मी मोरायोला हेच सांगून पाहिलं होतं, तुम्ही यायच्या आधीच — कारण कुणीतरी येणार हे मी धरूनच चालले होते. मी म्हणाले, त्या पोलिसाची आई येईल, तेव्हा काय करशील? तर म्हणाली, ‘आजी, मी माझ्याकडचा पुसला तरी तो आता माझ्याकडे कुठे आहे? लाखो लोकांच्या खिशात आहे तो. त्या बाईंनी कुणाकुणापुढे गुडघे टेकायचे?’ मला राग आला होता. मग विचार केला तर तिचं खरं होतं. आपली रीत एका अंगणासाठी बनलेली, आणि हे अंगण केवढं झालं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, इया जिदे.

नाही, ऐकून घ्या, मी तुमचं दुःख हलकं करत नाहीये. नातवंडांचं ऐकून मला वाईटच वाटलं. मुलांना बोलणारी ती मुलं कुणाच्या घरची आहेत ते कळलं तर मी स्वतः जाऊन त्यांच्या आयांना सांगेन. जिदे तुमच्या गुडघ्यांचं औषध दर महिन्याला आठवणीने आणतो म्हणता, तेही खरं असेल. खोटं कशाला म्हणू? आईचं औषध आणणारा हात वेगळा आणि बंदुकीचा दस्ता धरणारा हात वेगळा, असं देव काही करून ठेवत नाही. एकच हात असतो.

पण तुम्ही एक गोष्ट विचारली नाहीत. इतका वेळ झाला, पाणी प्यालात, घाम पुसलात, जिदेचं लहानपण सांगितलंत — ज्याला मारलं तो मुलगा कोण, हे विचारलं नाहीत. मी सांगते. त्याचं नाव लानरे. समोर ते निळं फाटक दिसतं ना, त्या घरातला. केस जटांसारखे वळलेले, कानात एक कडी, आणि पाठीवर कायम लॅपटॉपची पिशवी — बस, तुमच्या मुलाच्या लेखी एवढाच गुन्हा. इतक्या लहान वयात लॅपटॉप कुठून आला, म्हणजे नक्की लोकांना इंटरनेटवरून फसवत असणार. कुठून आला ते मी सांगते. तो अंत्यविधीच्या पुस्तिका करायचा. आपल्याकडे म्हातारं माणूस गेलं की छापतात तशा, रंगीत, फोटो, वंशावळ, कुठली गाणी म्हणायची त्यांचा क्रम. या भागातल्या निम्म्या मेलेल्यांना त्याने सजवून पाठवलेलं आहे. आणि छापण्याआधी प्रत्येक पुस्तिका माझ्याकडे यायची, चुका काढायला. पैशांचा प्रश्न नव्हता, मलाच राहवत नाही — एका गृहस्थांच्या पुस्तिकेत त्याने जन्मसाल मृत्यूनंतरचं टाकलं होतं. मी म्हणाले, लानरे, हे गृहस्थ अजून जन्मायचे आहेत, त्यांना पुरायची एवढी घाई कशाला? तर हसून फरशीवर लोळला होता. इथेच, तुम्ही गुडघे टेकलेत तिथे. ते टेबलावरचे कागद बघा — त्यावरच्या तांबड्या खुणा माझ्या आहेत. एका म्हाताऱ्या न्हाव्याची पुस्तिका आहे. लानरे ती परत न्यायला आलाच नाही, त्या न्हाव्याला बिचाऱ्याला पुस्तिकेशिवाय पुरलं.

हा फोन पुन्हा — नाही. तिचा नाही.

तर त्या दिवशी तो बसमधून उतरला. पिवळी बस त्या विजेच्या खांबापाशी थांबते, दिसतो ना खांब. मी इथे खिडकीशी चष्मा शोधत होते. पांढरी गाडी आली, नंबराची पाटी नाही, चौघे उतरले, अंगावर गणवेश नाही. मला आधी दरोडेखोरच वाटले. लॅपटॉप उघड म्हणाले, त्याने उघडला. फोन उघड म्हणाले, तो म्हणाला, कुठल्या आदेशाने? एवढंच. आवाजही चढवला नव्हता. मग तुमच्या जिदेने बंदूक उलटी धरली. पहिला दस्ता कानावर बसला. लानरे खाली बसला तरी थांबले नाहीत. लोक उभे होते, पाव विकणारी उभी होती, टायरवाला उभा होता. कुणी हललं नाही, त्यांना तरी काय म्हणू, बंदुका चार होत्या. मग त्याला पिशवीसारखा उचलून गाडीत टाकला. एक बूट रस्त्यावर राहिला. गाडी गेली, आणि लानरे अजून परत आलेला नाही.

हो. परत आलेला नाही. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मला दाखवू नका, तुमचं तोंड मला इथून नीट दिसतं. त्याची आई प्रत्येक चौकीत जाऊन आली. सगळीकडे एकच उत्तर — या नावाचा कुणी आमच्याकडे नाही, आम्ही कुणाला आणलं नाही, पळून गेला असेल मुलगा, बाईच्या नादी लागला असेल. मग ती फोन काढून तो व्हिडिओ दाखवते. दाखवला की ते खुर्ची देतात, उद्या या म्हणतात. दाखवला नाही तर उभंही करत नाहीत. समजलं तुम्हाला मी काय सांगते आहे ते? तिचा मुलगा त्या गाडीत गेला होता, याचा जगात तेवढाच एक पुरावा आहे. तो पुसला तर लानरे कधी नेलाच गेला नाही. मग तो जिथे कुठे असेल तिथून त्याला परत आणायचं कुणाला काही कारणच उरत नाही. तुम्ही माझ्याकडे एक व्हिडिओ मागत नाही आहात, इया जिदे, एक मुलगा मागत आहात. तो माझा नाही, तेव्हा मी देणार कुठून?

काय म्हणालात? बनावट? — कोण म्हणतं? जिदे म्हणतो. हं. पैसे देऊन काढवून घेतला, बाहेरच्या देशांतून पैसे येतात, काढणारा दारू प्यालेला होता म्हणून सगळं चित्र डुलतं आहे. हे मीही वाचलं, हजार लोकांनी त्याखाली लिहिलं आहे. एक शहाणा लिहितो, ‘जो काढतो आहे तो भीतीने लटपटतो आहे.’ दुसरा लिहितो, ‘एवढा हलतो म्हणजे मुद्दाम हलवला, चेहरे लपवायला.’ मी मोरायोला म्हणाले, याला उत्तर दे, तर म्हणते, आजी, असल्यांना उत्तर द्यायचं नसतं. का नसतं? चुकीचं ते चुकीचं. कुणी प्यालेलं नव्हतं, कुणी भ्यालेलं नव्हतं, आणि पैशांचं म्हणाल तर लाज वाटायला हवी. हे हात टाइपरायटरवर बसले की अख्ख्या पानात एक चूक पडत नसे, मुली मोजायला बसायच्या आणि कंटाळून उठायच्या. आता म्हातारपणाने कंप सुटला, चहाचा कप धरला तरी बशी वाजते, त्यात दोन्ही हातांनी तो गुळगुळीत फोन उभा धरायचा, आणि समोर पोराचं डोकं फुटतंय — कुणाचाही हलेल, माझा तर —

…

हं.

पाणी प्या. नाही, तुम्ही प्या, मला नको.

झालं. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, आणि आपली चूक ही अशी, आपल्याच तोंडाने. आता ऐकलंच आहे तर पुरतं ऐका, अर्धवट मला चालत नाही. मोरायो त्या वेळी घरात नव्हतीच. तिचा फोन खिडकीत चार्जिंगला होता. आणि फोनमधलं ते तांबडं बटण दाबायला मला कुणी शिकवलं, विचारा — लानरेने. माझे जिने वाचावेत म्हणून. ‘आजी, खाली येऊ नका, खुणा केल्यात की कागदाचा फोटो काढा, पाठवा, आणि मला समजावून सांगायचं असेल तर हे तांबडं दाबा आणि बोला.’ मी त्याला असे कितीतरी पाठवले, स्वल्पविरामावर व्याख्यानं देणारे. त्या दिवशी मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. खाली उतरेपर्यंत सगळं संपलं असतं. तेच बटण दाबलं. मोरायो संध्याकाळी आली, तिने पाहिलं, आणि सगळ्या देशाला सांगितलं की तो तिने काढला. चौकात गाडीच्या टपावर उभं राहून नाव सांगितलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी म्हणाले, हे खोटं आहे. तर म्हणाली, आजी, काढणाऱ्याला शोधत ते येतील; मला धरलं तर मागे हजार जण उभे राहतील, तुला धरलं तर तुझं रक्तदाबाचं औषध कोण देईल? तिने माझ्या जागी स्वतःला उभं केलं आहे. आणि आता ती दर तासाला करणार होती तो फोन येत नाही. आणि मी तुमच्याशी बोलत बसले आहे.

तर जा, सांगा जिदेला. पहिला मजला, खिडकीला हिरवी जाळी, म्हातारी एकटीच असते. मी खरंच सांगते आहे. तो माझ्याकडे आला तर मोरायोच्या मागे लागणार नाही, मला त्यातही बरंच वाटेल. का रडता? मी रडत नाही आणि तुम्ही का रडता? मोठ्याने बोला. मला तसं पुटपुटलेलं ऐकू येत नाही.

‘जेवतो’?

कोण जेवतो? — जिदेचं मी विचारलं नाही. जिदे जेवत असणारच. कोण जेवतो, इया जिदे?

बसा. उठू नका. माझ्याकडे बघा. डबा तुम्ही भरता? एका माणसाच्या डब्यात दोघांचं? — आणि तुम्ही विचारलं नाहीत कुणासाठी. विचारलंत. मग त्याने काय सांगितलं? … त्या कानाने ऐकू येत नाही. बरं. पण जेवतो. चवळीची भजी आवडीने खातो. हो, आवडतात लानरेला, माझ्याकडची उरलीसुरली नेहमी तोच संपवायचा, तेल पुस्तिकेच्या कागदाला लावायचा… जरा थांबा. मला जरा खिडकीशी उभं राहू द्या.

नाही, नाही, ठिकाण मला सांगू नका. एक शब्दही मला सांगू नका. तुम्ही चुकीच्या घरी आला आहात, हे मघापासून मी तुम्हाला सांगते आहे आणि माझ्यासुद्धा आत्ता लक्षात येतं आहे. माफी मागायची असती तर तुम्ही त्या निळ्या फाटकात गेला असतात. ज्याच्या हातात व्हिडिओ त्याच्या घरी आलात. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरी नाही. रीत आपली इतकी काही मोडलेली नाही, इया जिदे, ती अंगण चुकली होती एवढंच. त्या घराला रस्ता ओलांडून जायचं आहे. लानरेला नेल्यापासून त्याची आई फाटकाला कडी लावत नाही, ढकललं की उघडतं. आता घरातच आहे, तिची चूल पेटलेली दिसते. तिच्यापुढे बसा, आणि मला सांगितलंत ते तिला सांगा — जेवतो, हे आधी सांगा, बाकीचं नंतर, आणि कुठे आहे ते तिथे सांगा. जिदेचं काय होईल? मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर देणं माझ्याने होणार नाही. पण मुलगा जिवंत परत आला तर जिदे मारहाण करणारा पोलीस राहील. नाही आला तर तुमच्या नातवंडांना शाळेत जे म्हणतात ते खरं होईल. त्याच्या आईने यातलं काय निवडायचं ते मी तुम्हाला सांगायला नको.

उचला ते कंद. दोन्ही हातांनी उचला, खाली धरा, तिथे असे लोंबकळत नेऊ नका. तिने आत घेतले तर घेतले. तिने ‘उठा’ म्हटलं तर उठा, नाही म्हटलं तर बसून राहा, गुडघ्यांचं औषध जिदे आणतोच.

आणि हे लक्षात ठेवा. जिना उतरून डावीकडे वळलात तर बस मिळते. सरळ गेलात तर फाटक. मी इथे खिडकीत उभी आहे आणि फोन माझ्या हातात आहे. तुम्ही रस्ता ओलांडलात तर मी तो पालथा ठेवीन. एका आईने दुसऱ्या आईपुढे गुडघे टेकणं हे लाखो लोकांनी बघायचं नसतं, तेवढी रीत मला कळते. डावीकडे वळलात, तर माझा हात हलेल, पण चेहरा ओळखू येईल इतपत धरता येतो, हे तुम्ही पाहिलेलंच आहे.

चला. पायरी तुटकी आहे, भिंतीला धरून उतरा.